'कंदिसा'तला आपला शब्द

गेल्या महिन्यात शाळा सुटल्यावर नववीतला एक मुलगा वर्गाच्या दाराशी घुटमळत होता. सगळे गेल्यावर हळूच म्हणाला, "सर, गाणी ऐकणं गुनाह आहे का?" मी "उद्या बोलू" म्हणून वेळ मारून नेली. खरं उत्तर द्यायचं तर आधी माझीच गोष्ट सांगावी लागली असती. ती आज इथे सांगतो.

मी बी.एड. करत होतो तेव्हा एका मित्राने मला 'कंदिसा'ची कॅसेट दिली. इंडियन ओशन या दिल्लीच्या बँडचा २००० साली आलेला हा अल्बम. सुश्मित सेनची गिटार, राहुल रामचा बेस, अमित किलमचे ड्रम आणि तबला वाजवता वाजवता गाणारा अशीम चक्रवर्ती. रॉक म्हणजे लांब केस आणि इंग्रजी आरडाओरडा, अशी माझी समजूत होती. इथे तर 'मा रेवा'मध्ये नर्मदाकाठचं लोकगीत होतं. राहुल राम स्वतः नर्मदा बचाव आंदोलनात काम केलेला माणूस. आपल्या नंदुरबारमधली गावं ज्या नदीच्या पाण्याखाली गेली, त्याच नदीचं हे गाणं.

त्याच हिवाळ्यात मुंबईत एका कॉलेजच्या मैदानात त्यांचा कार्यक्रम होता. पोशीरहून नेरळ, नेरळहून लोकल. मैदानात माझ्या एका बाजूला दादरची दोन मुलं होती, दुसऱ्या बाजूला एक केरळी मुलगी. 'कंदिसा' सुरू झालं आणि ती एकदम उभी राहिली. म्हणाली, "हे आमच्या चर्चमध्ये म्हणतात." ती सिरियन ख्रिश्चनांची जुनी प्रार्थना आहे, भाषा अरमाईक. आणि मी, उर्दू शिकलेला माणूस, तो शब्द पुन्हा पुन्हा ऐकत होतो. कंदिसा म्हणजे पवित्र. आपल्या 'कुद्दूस' आणि 'मुकद्दस'चं हे सख्खं भावंड, धातू एकच. गाण्यात ईश्वरासाठी येणारा शब्दही 'अल्लाह'च्या अगदी जवळचा. दिल्लीतला एक बंगाली माणूस केरळच्या चर्चमधली प्रार्थना गात होता आणि त्यात माझ्या अम्मीच्या तसबीहवरचा शब्द होता. अंगावर काटा आला.

मध्यरात्रीची शेवटची कर्जत लोकल पकडली. नेरळला उतरलो तेव्हा पोशीरला जायला वाहन नव्हतं. फलाटावरच्या बाकावर बसून राहिलो आणि घरी पोचलो तेव्हा अब्बा फजरच्या नमाजला निघाले होते. काही बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र विचारलं, "काय होतं एवढं तिथे?" मी कुद्दूसबद्दल सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "शब्द तर आपलाच आहे." आणि लगेच, "पण टेप हळू लाव." त्यापुढे ते कधी गेले नाहीत. मीही ताणून धरलं नाही.

तर त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर. संगीतावर आपल्या उलेमांमध्ये एकमत कधीच नव्हतं. मनाई करणारे आहेत आणि त्यांचा मान मी ठेवतो. पण इमाम गजालींनी 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये समावर एक अख्खं प्रकरण लिहिलं आणि त्याला अटींसह जागा दिली, हेही मुलांना सांगायला हवं. इथून जवळच, हाजी मलंगच्या उरुसात कव्वाली ऐकतच आपल्या आजोबांची पिढी मोठी झाली. एका झटक्यात सगळं हराम ठरवताना आपण त्यांनाही गुन्हेगार ठरवतो, याचा विचार करावा.

मला खरी चिंता वेगळ्याच आवाजाची आहे. मिरवणूक मशिदीसमोर आली की मुद्दाम वाढवला जाणारा डीजे, आणि आपल्या लग्नांत, संदलमध्ये खिडक्या हादरवणारा डीजे. दोन्हीकडे ऐकायला कोणी नसतं. समोरच्याला गप्प बसवायचं एवढाच हेतू. त्या मैदानातला आवाजही मोठा होता, पण तो मला शेजारणीची प्रार्थना ऐकवत होता. फरक आहे तो इथे.

याच बँडने 'ब्लॅक फ्रायडे' या चित्रपटासाठी 'बंदे' केलं. मुंबईच्या १९९३च्या बॉम्बस्फोटांवरचा तो चित्रपट कोर्टकचेरीत अडकून २००७ साली पडद्यावर आला. त्या काळाच्या जखमा घेऊन वाढलेल्या माझ्यासारख्याला ते गाणं एकट्याने ऐकवत नाही. चारचौघांत ऐकलं तर सोसतं.

२५ डिसेंबर २००९ला अशीम चक्रवर्ती गेला. ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे, वाजवायला टेप नाही. मुलांच्या कानात इअरफोन आहेत, प्रत्येकाचं गाणं वेगळं आणि लपवलेलं.

म्हणून माझी सूचना साधी आहे. गावागावांत, शाळेच्या पटांगणात, वर्षातून एक संध्याकाळ असावी. रात्री दहाच्या आत संपणारी, अजानीची वेळ सांभाळणारी. भजन, कव्वाली, ठाकरांचं गाणं, गिटार, सगळं असावं. उर्दू शाळेची आणि मराठी शाळेची मुलं एकाच सतरंजीवर बसावीत.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला विचारलं, "काय ऐकतोस?" त्याने लाजत एक इअरफोन माझ्या हातात दिला. मी तो कानाला लावला.