षटकार कोणाचा? फलंदाजाचा की बॅटचा?



२८ नोव्हेंबर २०२२ रोजी अहमदाबादला महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश यांच्यातील सामन्यात ऋतुराज गायकवाडने एका षटकात सात षटकार मारले. षटकात चेंडू सहा, मग षटकार सात कसे? त्यांतला एक नोबॉल होता आणि तोही त्याने सीमेपार धाडला. त्या एका षटकात ४३ धावा निघाल्या. ही स्पर्धा होती विजय हजारे करंडकाची. हे विजय हजारे आपल्या सांगलीचे. त्यांचा जन्म तेथे १९१५ साली झाला. १९४८ च्या जानेवारीत ॲडलेडच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत शतके ठोकली. त्यांच्याच काळातल्या ब्रॅडमनने ५२ कसोटी सामन्यांत मिळून षटकार मारले फक्त सहा!

ज्याने कसोटीच्या अख्ख्या कारकिर्दीत सहा षटकार मारले तो जगातला सर्वश्रेष्ठ फलंदाज, आणि ज्यांच्या नावाच्या स्पर्धेत एकाच षटकात सात षटकार निघतात तेही त्याच काळातले. या पाऊणशे वर्षांत बदलले काय? माणूस, मैदान की बॅट? पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक म्हणून मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, आणि त्याबद्दल माझे एक मतही आहे.

आधी थोडे गणित करू. प्रक्षेप्याचा पल्ला वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, हे तुम्ही शिकला असाल किंवा लवकरच शिकाल. सेकंदाला ३० मीटर वेगाने ४५ अंशांत उडालेला चेंडू हवा नसती तर सुमारे ९२ मीटर गेला असता. वेग फक्त दहा टक्क्यांनी वाढवा, म्हणजे ३३ मीटर करा. पल्ला १११ मीटर होतो. वाढ दहा नव्हे, एकवीस टक्के! प्रत्यक्षात हवा यातला बराच वाटा खाते. सेकंदाला ४० मीटर वेगाने जाणाऱ्या क्रिकेटच्या चेंडूला हवेचा विरोध जवळजवळ त्याच्या वजनाइतकाच होतो. तरीही मूळ मुद्दा टिकतो: वेगातला लहानसा फरक पल्ल्यात मोठा होऊन दिसतो.

आता हेच गणित उलट बाजूने करा. सीमारेषा ७५ मीटरवरून ६० मीटरवर आणली, तर तेथवर पोचायला लागणारा वेग साधारण दहा टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे दोर पंधरा मीटर आत ओढणे आणि प्रत्येक फलंदाजाला फुकट ताकद वाटणे ही एकच गोष्ट. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत सीमारेषा ६५ यार्डांहून जवळ नसावी आणि ९० यार्डांहून दूर नसावी, असा नियम आहे. मीटरमध्ये हे अंतर ५९ ते ८२ भरते. एवढ्या मोठ्या फरकात पुष्कळ काही दडून जाते.

पण दोर ही अर्धीच गोष्ट झाली. दुसरी गोष्ट बॅटची. आजची बॅट जुन्या बॅटीहून फार जड नसते. ती जाड असते. लाकूड अधिक वाळवलेले आणि कमी दाबलेले असल्याने तेवढ्याच वजनात ते जास्त जागा व्यापते. ही जादा जाडी मोठ्या प्रमाणात कडांना मिळाली आहे. जुन्या बॅटीची कड दोन सेंटिमीटरच्या आतबाहेर असे. पुढे ती चारच्याही पुढे गेली.

कड जाड झाल्याने काय होते? चेंडू बॅटच्या मधोमध न लागता कडेजवळ लागला की बॅट हातात वळते, आणि चेंडूला मिळायची ऊर्जा बॅट फिरवण्यात वाया जाते. बॅट किती वळेल हे तिच्या जडत्व-आघूर्णावर अवलंबून असते आणि ते अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शंभर ग्रॅम लाकूड बॅटच्या मध्यरेषेपासून अडीच सेंटिमीटरवर ठेवण्याऐवजी पाच सेंटिमीटरवर ठेवले, तर वळण्याला होणारा त्याचा विरोध चौपट होतो. वजन तेच, लाकूड तेच, फक्त जागा बदलली! मग चुकलेला फटकाही सीमेपार जातो. घरी बॅट असेल तर एक प्रयोग करा. मूठ दोन बोटांत हलकी धरून बॅट लोंबकळत ठेवा आणि लाकडी हातोडीने पात्यावर वरपासून खालपर्यंत टिचक्या मारा. एका जागी मुठीत कंप जवळजवळ जाणवत नाही. खेळाडू ज्याला मिडल म्हणतात ती जागा हीच.

हा पेच एकट्या क्रिकेटचा नाही. गोल्फमध्ये तर तो फार पूर्वीच पिकला. अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फपटूंचा पहिल्या फटक्याचा सरासरी पल्ला १९८० साली सुमारे २५७ यार्ड होता. २०२३ साली तो ३०० यार्डांवर पोचला. पोकळ टिटॅनियमच्या फुगीर काठ्या आल्या, चेंडू सुधारले, खेळाडूंची शरीरेही कमावलेली झाली. मग मैदाने लांबवणे सुरू झाले. ऑगस्टाचे प्रसिद्ध मैदान १९९७ साली ६,९२५ यार्डांचे होते. २०२४ साली ते ७,५५५ यार्डांचे झाले. अधिक जमीन, अधिक पाणी, अधिक पैसा! अखेर डिसेंबर २०२३ मध्ये गोल्फच्या नियामक संस्थांनी चेंडूलाच लगाम घालण्याचे जाहीर केले. चाचणीत यंत्राच्या काठीचा वेग ताशी १९३ किलोमीटर असे. तो २०१ केला आणि पल्ल्याची मर्यादा मात्र तीच ठेवली. साहजिकच चेंडू थोडा मंद करावा लागणार. भालाफेकीतही असेच घडले. १९८४ साली उवे होनचा भाला १०४.८० मीटर गेला आणि मैदान अपुरे पडू लागले. १९८६ पासून भाल्याचा गुरुत्वमध्य चार सेंटिमीटर पुढे सरकवण्यात आला.

क्रिकेटनेही अशी पावले उचलली आहेत. अठराव्या शतकात एक गडी चक्क यष्टींइतकी रुंद बॅट घेऊन आला, तेव्हा रुंदीवर बंधन आले. १९७९ साली डेनिस लिलीने ॲल्युमिनियमची बॅट आणली, तेव्हा पाते लाकडाचेच हवे असे ठरले. १ ऑक्टोबर २०१७ पासून बॅटची जाडी ६७ मिलिमीटर आणि कड ४० मिलिमीटर याहून अधिक नसावी, असा नियम झाला. पण माझ्या मते ही मर्यादा फार सैल आहे. घोडा पळून गेल्यावर तबेल्याचे दार अर्धेच लावण्यासारखे ते झाले. २६ एप्रिल २०२४ रोजी कोलकात्याच्या आयपीएल सामन्यात पंजाबने २६२ धावांचे लक्ष्य आठ चेंडू राखून गाठले आणि त्या एका सामन्यात ४२ षटकार निघाले. त्या रात्री गोलंदाजांनी करायचे तरी काय होते?

तुम्ही म्हणाल, "सर, लोकांना षटकार आवडतात, मग तुमचे काय बिघडले?" षटकार मलाही आवडतात. १० जानेवारी १९८५ रोजी वानखेडे मैदानावर रवी शास्त्रीने एका षटकात सहा षटकार मारले, तेही पातळ कडांच्या बॅटच्या जमान्यात! म्हणजे कौशल्याला जाड कड लागतेच असे नाही. सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाने सप्टेंबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध ५० चेंडूंत शतक केले. तिची फलंदाजी पाहताना डोळ्यांत भरते ती वेळेची अचूकता, आडदांड जोर नव्हे. खेळाडूने मेहनतीने कमावलेल्या ताकदीवर किंवा नजरेवर बंधन घाला, असे मी मुळीच म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की, मधोमध बसलेल्या चेंडूचे बक्षीस खेळाडूला पुरेपूर मिळावे आणि चुकलेल्या फटक्याची किंमतही त्यानेच मोजावी. ती किंमत बॅटने परस्पर चुकती केली, तर परीक्षेत चुकलेल्या उत्तरालाही गुण दिल्यासारखे होईल.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि ती आपल्या भागातल्या मुलामुलींची आहे. इस्लामपूरच्या मैदानावर संध्याकाळी मी जातो, तेव्हा बॅट मागणारे पंधरा असतात आणि चेंडू टाकायला कोणी पुढे होत नाही. गोलंदाजाच्या वाट्याला मारच येणार हे पोरांनी दूरदर्शन संचावर पाहिलेले असते. शिवाय उत्तम इंग्लिश विलोची बॅट कित्येक हजारांची. ऊस तोडणाऱ्याच्या मुलाला ती कोठून मिळणार? साधन जितके अधिक काम करील, तितका खेळ खिशावर अवलंबून राहील. नियमांनी कडा पातळ केल्या, तर साधी बॅट आणि महागडी बॅट यांच्यातले अंतरही कमी होईल.

म्हणून मला दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. जेथे जागा आहे तेथे दोर मागे न्यावा आणि कडेची मर्यादा ४० मिलिमीटरवरून आणखी खाली आणावी. चेंडू मात्र आहे तसाच राहू द्यावा; गोल्फप्रमाणे तो मंद केला, तर मधोमध बसलेला चांगला फटकाही मार खाईल. चूक चेंडूची नाही.

तुमचे मत वेगळे असू शकेल. शिक्षकांनी वर्गात यावर वाद जरूर घडवावा. पण त्याआधी टेप घेऊन मैदानावर जावे. आपल्या शाळेची सीमारेषा यष्टींपासून किती मीटरवर आहे आणि आपल्या बॅटची कड किती मिलिमीटर आहे, हे मोजून वहीत लिहावे. मोजून झाल्यावर केलेला वाद अधिक रंगतो आणि लवकर मिटतोही.