संकासुराला वर्गात आणा



मी मालवणकडचा. थंडीत जत्रा लागल्या की आमच्याकडं देवळाशी रातभर दशावतार चालतो. सुरुवातीलाच काळ्या वेषातला संकासुर येतो. मालवणीत गजाली करतो, गावाची टर उडवतो. मग विष्णू येऊन त्याला मारतो. गुन्हा काय? वेद पळवले! लहानपणी आम्ही कडेला बसून हसायचो. जो ग्रंथ आमच्या आज्यापणज्यांच्या कानावर पडू दिला नाही, तो पळवणारा मार खातोय आणि हसतोय कोण? आम्हीच.

पुढं कॉलेजात होमरचं 'इलियड' शिकलो. साहित्य म्हणून. त्यात थर्सायटीस भर सभेत राजा अगामेम्नॉनला सुनावतो, लूट तुला नि झुंजायचं आम्ही. हेच अकिलीज बोलला तर तो वीर. थर्सायटीसच्या पाठीवर मात्र ओडिसियसनं राजदंड हाणला. सगळं सैन्य हसलं. कवीनं त्याला आधीच लंगडा, कुबडा करून ठेवलाय. च्यायला, म्हटलं, हा तर आपला संकासुर!

वर्गात हे बोललो तर उत्तर मिळालं, "ते साहित्य, हा आपला धर्म." म्हणजे ग्रीकांचे देव चिरफाडीला आणि इथले पूजेला.

हा दुटप्पीपणा जुनाच. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त मत्स्यापासून परशुरामापर्यंत अवतारांची उलटतपासणी घेतली, बळीला राजा म्हणून उभं केलं. बाबासाहेबांचं 'रिडल्स' त्यांच्यामागं १९८७ साली सरकारनं छापलं, तर राम-कृष्णावरचं प्रकरण गाळा म्हणून गदारोळ झाला. प्रश्नचिन्हाची एवढी भीती?

जगाची पुराणं वर्गात जरूर शिकवा. पण तराजू एकच ठेवा. परशुरामानं समुद्र हटवून कोकण काढलं, ही गोष्टही सांगा. मग पोरांना विचारू द्या, ती जमीन सातबाऱ्यावर कुणाच्या नावानं चढली? नुसते अलंकार मोजायचे असतील तर ते 'साहित्य' आम्हाला नको. गोष्टीत मार कोण खातो, हसतं कोण आणि गोष्ट सांगतो कोण, हे विचारता आलं पाहिजे.

मुंबईतल्या दोस्तांनो, जत्रेला गावी आलात की पुढं बसा. संकासुर पडला की हसू नका. सकाळी धाकट्या भावंडांना जवळ घेऊन एवढंच विचारा: त्यानं वेद का पळवले असतील रे?