रामजी मास्तरांची शाळा

आमच्या जालना जिल्ह्यात गावचा मास्तर निवृत्त झाला, म्हणजे त्यास शाल व श्रीफळ देण्याची रीत आहे. चार भाषणे होतात, आयाबाया डोळ्यांस पदर लावतात, आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारास कुलूप आहे की दार उघडे आहे, हे पाहावयास कोणी जात नाही. मास्तरांचे स्मरण कसे करावे, याविषयी आम्हांस आज आपल्या शेतकरी व कारागीर वाचकांशी दोन शब्द बोलावयाचे आहेत. त्यासाठी आम्ही असा एक मास्तर निवडला आहे, की ज्याचे नाव घरोघर ठाऊक आहे, पण मास्तर म्हणून ठाऊक नाही. ते नाव सुभेदार रामजी मालोजी सकपाळ.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील म्हणून रामजींस सर्व जण ओळखतात. परंतु सुभेदारांचा खरा पेशा शिकविण्याचा होता, हे फार थोड्यांस माहीत असते. त्यांनी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कुलात शिक्षकाचे शिक्षण घेतले व सुमारे चौदा वर्षे पलटणीच्या शाळेत हेडमास्तरकी केली. जालन्यास एके काळी इंग्रजांची छावणी होती, हे आमच्या जुन्या माणसांस ऐकून ठाऊक असेल. महू ही मध्य हिंदुस्थानातील तशीच एक छावणी. तेथेच १४ एप्रिल १८९१ रोजी या मास्तरांचे चौदावे अपत्य, भीमराव, जन्मास आले.

आता वाचकांनी एक प्रश्न स्वतःस विचारावा. कोकणात मंडणगड तालुक्यात आंबडवे हे खेडे. तेथील महाराच्या पोरास त्या काळी गावच्या शाळेच्या ओटीवरही कोणी बसू दिले नसते. मग त्याच घरातला माणूस हेडमास्तर झाला कसा? दैवाने? नव्हे. त्याच्या अंगच्या हुशारीने? ती होतीच, पण हुशार पोरे प्रत्येक वाड्यावस्तीत जन्मतात आणि गुरांमागे म्हातारी होतात. रामजी मास्तर झाले ते एका नियमामुळे. पलटणीत असा नियम होता, की शिपायास आणि त्याच्या मुलामुलींस शिकणे सक्तीचे. पोरांसाठी दिवसा शाळा, मोठ्यांसाठी रात्रीची शाळा. गावाने जे दार कधी उघडले नव्हते, ते सरकारच्या एका हुकुमाने उघडले, आणि त्या दारातून रामजींसारखी माणसे बाहेर पडली.

जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे हेच मागणे मांडले होते. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करा, असे ते म्हणाले. शिक्षक शेतकरी वर्गातून घ्या, त्यास नीट तयार करा, पोटापुरता पगार द्या, आणि वेळ पडल्यास नांगराचा रुमणा किंवा सुताराची वाकस धरावयास ज्यास लाज वाटणार नाही असा तो असू द्या, असे त्यांचे सांगणे होते. गोरगरिबांच्या मुलांत मिसळणारा मास्तर हवा, हा त्याचा अर्थ.

रामजी पेन्शनीत निघाले, पण त्यांची शाळा सुटली नाही. ती घरात भरू लागली. कुटुंब दापोलीहून साताऱ्यास आले. तेथे भीमाबाई वारल्या, तेव्हा धाकटा भीमराव पाचसहा वर्षांचा होता. पोरांचे लालनपालन आत्या मीराबाईने केले. पेन्शन पुरेना, म्हणून रामजींनी मिळेल ती नोकरी धरली. सातारा जिल्ह्यात गोरेगाव येथे दुष्काळी माणसांस काम मिळावे म्हणून तलाव खोदला जात होता, तेथे ते रोखपाल झाले. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली माणसे अजून आमच्या गावोगाव आहेत. अशा कामावरचे जिणे कसे असते, ते त्यांस निराळे सांगावयास नको.

रामजी कबीरपंथी. घरात दारू नाही, मांस नाही. सांजवात झाली की पोरांनी भजनास बसलेच पाहिजे. रामायण-महाभारताचे वाचन चुकवायचे नाही. भीमराव एकदा वैतागून विचारता झाला, की ज्या पोथ्यांत आपल्यासारख्यांची निंदा आहे, त्या आम्ही का वाचाव्या? त्यावर बापाने पोरास गप्प बसविले नाही. आपण हलके, हा समज मनात रुजू नये म्हणून वाचावयाच्या, असे त्यांनी सांगितले. द्रोण आणि कर्ण किती साधी माणसे होती आणि केवढ्या थोरवीस पोहोचली ते पाहा, वाल्मीकी कोळी होता आणि रामायण त्याने रचले, असे ते म्हणाले. हे उत्तर पोरास पूर्ण पटले नाही, हेही बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ज्या घरात पोरगा बापास उलट प्रश्न विचारू शकतो आणि बाप त्यास उत्तर देतो, ते घर म्हणजेच शाळा, असे आम्ही समजतो.

पुढे हे कुटुंब मुंबईस परळच्या चाळीत राहावयास आले. खोली एकच. तीत चूल, सरपण, जाते आणि माणसे. अभ्यासास जागा कोठची? रामजींनी तोड काढली. पोरास लवकर निजवावयाचे, आपण रात्री दोनपर्यंत जागावयाचे, मग त्यास उठवून दिव्यापाशी बसवावयाचे, आणि त्याच्या जागेवर आपण अंग टाकावयाचे. पुस्तकास पैसा नसला, की म्हातारा लग्न झालेल्या लेकींच्या दारी जाई, त्यांचा दागिना मागून आणून गहाण ठेवी व पेन्शन आली की सोडवून परत देई. थोरला भाऊ आनंदराव शाळा सोडून नोकरीस लागला, म्हणून धाकटा शिकला. वाचकहो, एका माणसाच्या विद्येत किती जणांचा घास आणि किती जणींचे सोने आहे, हे मोजून पाहा.

रामजी देव नव्हते. त्यांनी दुसरे लग्न केले, आणि आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून भीमरावाचे मन विटले होते. आम्ही हे झाकीत नाही. तसबिरीस हार घालणे सोपे. चुकत-माकत लेकरांसाठी झिजलेल्या बापास माणूस म्हणून मानणे कठीण, आणि तेच आमच्या उपयोगाचे. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला. १९१३ च्या फेब्रुवारीत बाप आजारी असल्याची तार मिळाल्यावरून तो बडोद्याहून निघाला. वाटेत सुरतेस बापासाठी मिठाई घ्यावयास उतरला आणि गाडी चुकली. तो पोहोचला तेव्हा म्हाताऱ्याचा जीव जणू त्याच्याचसाठी अडला होता. पोराच्या पाठीवरून हात फिरवून रामजींनी प्राण सोडला. त्याच वर्षी भीमराव अमेरिकेस शिकावयास गेला. ते पाहणे मास्तरांच्या नशिबी नव्हते.

येथवर पुष्कळांचे डोळे ओले होतील. पण आम्हांस डोळे पुसून पुढचे सांगावयाचे आहे. ज्या दाराने रामजी आत आले, ते दार त्यांच्या देखत बंद झाले. १८९० नंतरच्या त्या दशकात सरकारने महारांची पलटणीतील भरती बंद केली. दापोलीचे गोपाळबाबा वलंगकर, तेही पेन्शनर शिपाई व ‘दीनबंधू’चे लेखक, त्यांनी १८९४ साली याविरुद्ध अर्ज लिहिला. उपयोग झाला नाही. पहिल्या महायुद्धात ते दार थोडे किलकिले झाले, पुन्हा लागले, आणि नीट उघडावयास १९४१ साल उजाडावे लागले. मधल्या पन्नास वर्षांत किती रामजी जन्मास आले असतील आणि मास्तर न होता मेले असतील, त्याची नोंद कोणत्या रजिस्टरात आहे?

आमच्या मराठवाड्याने बंद दाराचे दुःख निराळ्या रीतीने भोगले आहे. निजामी अमलात वरच्या शाळेची भाषा उर्दू. कुणब्याचे पोर दारातूनच परत फिरे. १९४८ साली तो अंमल संपला, आणि १९५० साली रामजींच्या पुत्राने औरंगाबादेस कॉलेज काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. परळच्या खोलीतला दिवा असा आमच्या मुलखापर्यंत आला.

आज ते दार कोणी एका हुकुमाने लावीत नाही. ते हळूहळू लागते. दिवाळी झाली की अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या भागांतील कोयते ऊसतोडीस निघतात, आणि ट्रकवर भांड्यांबरोबर पोरेही चढतात. ज्यांच्या हाती चार पैसे आहेत, त्यांची पोरे इंग्रजी शाळेच्या गाडीत बसतात. मग गावच्या शाळेचा पट घटतो. पट घटला, की वरून कागद येतो. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागविले गेले. मोठ्या शाळेत शिक्षक अधिक मिळतील, हे म्हणणे अगदीच खोटे नाही. सातवी-आठवीच्या सायकलवाल्या पोरास ते चालेलही. परंतु सहा वर्षांच्या पोरीने पावसाळ्यात ओढा ओलांडून परगावी जावे काय? ती जाणार नाही. ती धाकट्या भावास सांभाळीत घरी बसेल. २००९ च्या कायद्याने लहान मुलांची शाळा एक किलोमीटरच्या आत देण्याचे ठरविले आहे, ते याचसाठी.

म्हणून आमचे सांगणे थोडके आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश आईबापच असावेत, असा कायदा आहे. तेथे सहीपुरते जाऊ नका. बसा, बोला, विचारा. कोयता निघण्यापूर्वी गावात यादी करा, की कोणते लेकरू आजीपाशी राहील आणि कोणासाठी हंगामी वसतिगृह मागावयाचे; ते मागणे लेखी द्या. शाळा हलविण्याची गोष्ट निघाली, तर ग्रामसभेत ठराव करा. आणि रात्री एक तास घरातला मोबाइल बाजूस ठेवून लेकरापाशी बसा. तुम्हांस वाचता येत नसले तरी बसा. बाप जागा आहे, एवढे पोरास कळले तरी पुरे. आमच्या शिक्षक बंधुभगिनींसही आम्ही हेच म्हणतो. माहिती भरण्याचे कागद आपल्यामागे पुष्कळ लागले आहेत, हे खरे. पण पाटीवरचा हात आपण सोडला, तर तो धरावयास दुसरे कोणी येणार नाही.

मास्तरांचे स्मरण शालीने होत नाही. ज्या शाळेच्या दारातून ते आले, ते दार पुढच्या पोरासाठी उघडे ठेवणे, हेच त्यांचे स्मरण. रामजींस हार घालणाऱ्या प्रत्येक गावाने आधी आपल्या शाळेचे दार पाहून यावे.