चार बाजूंचा फासा

कादंबरीतील पात्राला लेखकाचे संरक्षण असते. नायक पहिल्याच प्रकरणात मरणार नाही हे गृहीत धरूनच आपण वाचतो. पण ज्या कथनप्रकाराला एक लेखकच नाही, जेथे टेबलाभोवती बसलेले चारपाच खेळाडू आणि एक सूत्रधार बोलता बोलता गोष्ट रचतात आणि वाराचा निकाल फाशावर सोपवतात, तेथे हे संरक्षण कोण देणार? 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४पासून या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देत आला आहे. प्रत्येक पात्राला काही 'हिट पॉइंट्स' असतात. वार बसला की ते घटतात, शून्यावर आले की पात्र कोसळते. ते किती असावेत हे मुख्यतः पात्राचा 'क्लास' ठरवतो. (क्लास म्हणजे येथे पेशा; आपल्या समीक्षेतील 'वर्ग' नव्हे.)

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या मूळ नियमांत सर्वांना सहा बाजूंचाच फासा होता. १९७५च्या 'ग्रेहॉक' पुरवणीने पेशागणिक फासे वेगळे केले, आणि १९७८च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये योद्ध्याच्या वाट्याला दहा बाजूंचा, तर जादूगाराच्या वाट्याला चार बाजूंचा फासा आला. लांब तलवारीचा घाव आठ बाजूंच्या फाशाने मोजला जाई. शरीरप्रकृतीची सूट बाजूला ठेवली, तर असा एक घाव बसताच नवखा जादूगार कोसळण्याची शक्यता ८१ टक्के, योद्ध्याची ४५ टक्के. शिवाय जादूगाराजवळ दिवसाला मंत्र एकच. पाचव्या पातळीला मात्र तोच जादूगार आगीचा गोळा फेकून खोलीभर शत्रू भाजून काढी.

ही नाजूक प्रकृती साहित्यातून आली असे म्हणणे कठीण आहे. टॉल्कीनचा गँडाल्फ तलवार घेऊन लढतो. वापरलेला मंत्र स्मरणातून पुसला जाण्याची कल्पना जॅक व्हान्सच्या 'द डाइंग अर्थ'मधली (१९५०), पण चार बाजूंचा फासा ही खेळाची स्वतःची गरज होती. आज दुबळा, उद्या प्रबळ, असा तो काळावर पसरलेला तोल होता. गायगॅक्सने १९७९मध्ये असा खुलासा केला की हिट पॉइंट्स म्हणजे केवळ रक्तमांस नव्हे. कौशल्य, नशीब, दैवी कृपा हेही त्यांत येते. मग जादूगाराचेच नशीब एवढे फुटके का, हे विचारायला हवे.

पुढील आवृत्त्यांनी हा तोल काळावरून क्षणावर आणला. २०००मध्ये पहिल्या पातळीला फाशाचा सर्वोच्च आकडा मिळू लागला, २०१४मध्ये जादूगाराचा फासा सहा बाजूंचा झाला. शून्यावर आलेले पात्र आता लगेच मरत नाही. वीस बाजूंचा फासा टाकायचा. दहा किंवा अधिक पडले की यश. तीन यशे आधी आली तर जीव स्थिरावतो, तीन अपयशे आधी आली तर मरण. पेशा कोणताही असो, ही कसोटी सर्वांना सारखीच.

या बदलामागचा कळवळा मला समजतो. आमच्या काही विद्यार्थ्यांनी एकदा हौसेने १९७८चे नियम काढले. एका मुलीने जादूगाराचा पूर्वेतिहास दोन पाने लिहून आणला होता. फासा टाकला, हिट पॉइंट मिळाला एक. पाऊण तासात तो जादूगार गेला आणि उरलेले अडीच तास ती इतरांसाठी चहा करत बसली. हा अन्यायच होता. पण तो जादूगाराच्या मरणाचा नव्हे, तिला गोष्टीबाहेर काढले गेले याचा. नव्या नियमांनी या दोन गोष्टींची गल्लत केली आहे असे मला वाटते. इलाज आकडे वाढवून केला, आणि त्याची किंमत योद्ध्याने मोजली.

कारण टिकाऊपणा हा एकट्या पात्राचा गुण नाही, ते दोन पात्रांमधले नाते आहे. योद्ध्याचे दहा कोणासाठी, तर मागे उभ्या असलेल्या चारासाठी. त्याला मंत्र येत नाहीत. मध्ये उभे राहणे एवढाच त्याचा गोष्टीवरचा हक्क. जादूगार ऐन वाराच्या क्षणी ढालीचा मंत्र म्हणून स्वतःला वाचवू लागला, की योद्धा नुसताच जाड कातडीचा माणूस उरतो. पात्रापात्रांतला फरक राखायचा असेल तर तो मरणाच्या उंबरठ्यावरही दिसावा. कोसळलेल्या जादूगाराचा अर्धवट मंत्र सुटावा, पडलेल्या योद्ध्याने शत्रूचा पाय धरावा. खेळाडू गोष्टीत राहील आणि पात्र नाजूकही राहील. चाराचा फासा परत आणा असे माझे म्हणणे नाही. सहाच ठेवा, पण त्या मंत्राची ढाल काढून घ्या.

त्या मुलीने पुढच्या खेपेला योद्धा घेतला. फाशावर नऊ पडले. जादूगार दुसऱ्या एका मुलाचा होता, हिट पॉइंट्स दोन. पहिल्याच दारापाशी ती त्याला म्हणाली, "तू माझ्या मागे राहा."