स्टेशनपासून फक्त पाच मिनिटं

बदलापुरात वीस वर्षं पत्रकारिता करतोय. आज एक कबुली द्यायची आहे, म्हणून पोस्ट जरा लांब आहे. लोकलमध्ये उभ्याने वाचलीत तरी चालेल.

गेल्या आठवड्यात आमच्या साप्ताहिकाचा अंक हातात आला. पहिल्या पानावर गृहसंकुलाची जाहिरात, 'स्टेशनपासून फक्त पाच मिनिटं'. पान पाचवर खाली चार ओळी, लोकलमधून पडून तरुणाचा मृत्यू. दोन्ही पानं मीच लावलेली. जाहिरात चार वेळा तपासली होती. बातमी एकदाच वाचली.

९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन लोकल शेजारून जाताना दारातली माणसं खाली पडली. त्याच दिवशी चौघे गेले. तेव्हापासून सगळी चर्चा ऑटोमॅटिक दरवाजांची. जरूर बसवा. पण सकाळी सातनंतर आमच्या फलाटावर या आणि सांगा, ते बंद कसे होणार? दारात लटकायची हौस कोणालाच नसते हो. आत पाय ठेवायला जागा नाही आणि ऑफिसात लेटमार्क लागतो, म्हणून माणूस दारात असतो.

ऑगस्ट २०२२ मध्ये साधी गाडी काढून एसी लोकल आणली, तेव्हा इथले प्रवासी चिडले. लोकांनी त्यांनाच नावं ठेवली. अहो, राग एसीचा नव्हता! एक साधी गाडी गेली की तिची माणसं पुढच्या गाडीच्या दारात येतात, एवढं साधं गणित होतं.

आता मोठं गणित बघा. २००१ च्या जनगणनेत आपलं शहर लाखाच्या आत होतं. २०११ ला पावणेदोन लाखांच्या घरात गेलं. त्यानंतरचे टॉवर तुम्ही रोज बघताच. आणि रूळ? कल्याणहून आपल्याकडे येणारी तिसरी-चौथी मार्गिका २०१९ मध्ये मंजूर झाली, तिचं काम अजून चालूच आहे.

इमारतीला परवानगी देताना पाणी बघतात, पार्किंग बघतात, फायरची एनओसी बघतात. या घरातला माणूस सकाळी कामाला जाणार कसा, हे कुठलीच पालिका विचारत नाही. रेल्वे म्हणणार, शहर आम्ही वाढवलं नाही. पालिका म्हणणार, गाड्या आमच्या हातात नाहीत. दोघंही खरंच बोलतात, आणि मधल्या मध्ये माणूस पडतो.

म्हणून मत मागायला येईल त्याला दोनच आकडे विचारा. गेल्या वर्षी किती फ्लॅटना परवानगी दिली? आणि त्याच वर्षी सकाळच्या किती फेऱ्या वाढल्या?

हेच दोन आकडे मी दर अंकात पहिल्या पानावर, जाहिरातीच्या खाली छापायचं म्हणतोय. मालकांशी अजून बोललो नाही. उद्या बोलतो.