'ताठर' आणि त्याचे शेजारी



'समानार्थी शब्द लिहा' हा प्रश्न आपण शाळेपासून सोडवत आला आहात. 'ताठर' या विशेषणासमोर कडक, कठोर, हट्टी, ठाम यांपैकी काहीही लिहिले तरी परीक्षक गुण देतो. मीही वर्षानुवर्षे दिले. त्या गुणांनी आपल्या भाषाज्ञानाचे नुकसानच केले, असे माझे आता मत झाले आहे.

हे शब्द वाक्यात बसवून पाहा. चहा कडक असतो, ऊन कडक असते. 'ताठर चहा' कोणी म्हणणार नाही. कडकपणात तीव्रता आहे, आणि चहाच्या बाबतीत तर ती स्तुतीच ठरते. कठोर माणसात दयेचा अभाव असतो. त्याचा विरोधी शब्द कोमल. ताठरचा विरोधी शब्द मात्र लवचीक. म्हणून मनाने अत्यंत प्रेमळ असलेले आजोबाही ताठर असू शकतात. हट्टी आणि ताठर यांतला भेद याहून सूक्ष्म आहे. हट्टी माणसाला काहीतरी मिळवायचे असते, ताठर माणसाला काही सोडायचे नसते. 'कर्मठ' हा शब्द आचारधर्मापुरता, तर 'दुराग्रही' या शब्दात निवाडा आधीच दिलेला असतो.

सर्वांत जवळचा शेजारी 'ताठ'. गोंदिया तालुक्यातील दवनीवाडा परिसरात धान पिकवणाऱ्यांना हा भेद समजावून सांगावा लागणार नाही. रोवणीनंतर मूळ धरलेले धान बांधीत ताठ उभे राहते. जुन्या उंच वाणांना नत्र जास्त झाले की ती लोळत. १९६६ साली आलेल्या आयआर-८ या ठेंगण्या वाणाचे मोल बऱ्याच अंशी त्याच्या आखूड, न लोळणाऱ्या काडीत होते. या काडीला आपण ताठ म्हणू, ताठर म्हणणार नाही. कारण तिने उभेच राहावे, अशी आपली अपेक्षा असते. खांबही ताठच असतो. पण थंडीने बोटे वळेनाशी झाली, तर ती ताठरली असे आपण म्हणतो. जे वाकायला हवे ते वाकत नाही, हा या शब्दाचा गाभा आहे. (नामाकडे वळताना भाषा आणखी एक गंमत करते: 'ताठ मान' हा गौरव, पण 'ताठा' हा दोष.)

म्हणजे 'ताठर' हे वर्णनाइतकेच आरोपाचेही विशेषण आहे. वाटाघाटींच्या बातम्या वाचा. ताठर भूमिका नेहमी समोरच्या पक्षाची असते; आपला पक्ष 'ठाम' असतो. वर्तन एकच, पण शब्द कोणाच्या तोंडी आहे त्यावर विशेषण ठरते. हे दोन शब्द समानार्थी म्हणून पाठ केलेला विद्यार्थी बातमीतला पक्षपात कधीच ओळखू शकणार नाही.

ही कसोटी मी माझ्या स्वतःच्या व्यवसायालाही लावतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत बोलल्या जाणाऱ्या झाडीबोलीत 'ण'च्या जागी 'न' येतो, 'पाणी'चे 'पानी' होते. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक चौदा नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२ साली त्यांत चार नियमांची भर पडली. हे नियम लेखनासाठी आहेत, आणि पात्राच्या तोंडची भाषा उच्चारानुसार लिहिण्याची मोकळीक त्यांतच आहे. तरीही संपर्कसत्रात एखादी विद्यार्थिनी 'पानी' म्हणाली की तिला तिथल्या तिथे दुरुस्त करणारे शिक्षक मी पाहिले आहेत. काही वर्षांपूर्वी मी स्वतःही तेच करत असे. ज्यांना असे दुरुस्त केले, त्यांतील काहीजणी नंतर वर्गात बोलेनाशा झाल्या. मी स्वतःला ठाम समजत होतो. त्यांनी माझ्यासाठी कोणते विशेषण वापरले असेल, हे ओळखणे कठीण नाही.

याचा अर्थ लेखनाचे नियम सैल करावेत असा नव्हे. अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार दीर्घ, म्हणून 'लवचीक' हा शब्द दीर्घ 'ची'नेच लिहावा, असा माझा आग्रह राहील. हा आग्रह आपल्याला ताठर वाटला, तर तसे कारणासह उत्तरपुस्तिकेत लिहा. त्यासाठी मी गुण कापणार नाही.

पुढील सत्राला येण्यापूर्वी आठवडाभराच्या वर्तमानपत्रांतून 'ताठर', 'ठाम' आणि 'कठोर' या शब्दांची प्रत्येकी पाच वाक्ये उतरवून आणा. प्रत्येक वाक्यापुढे ते विशेषण कोणी कोणाला लावले आहे ते नोंदवा, आणि त्या जागी उरलेले दोन शब्द घालून वाक्य पुन्हा वाचा.