फिलर म्हणजे फेशियल नव्हे

मंडळी, थोडं लांबलचक लिहितोय. पण विषय आपल्या गावातला आहे आणि लग्नसराई तोंडावर आली आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

गेल्या महिन्याभरात व्हॉट्सॲप स्टेटसवर मला तीन जाहिराती दिसल्या. 'नवरीच्या आईसाठी खास ऑफर, दहा वर्षं तरुण दिसा, फिलर फक्त ४,९९९ रुपयांत, हेअर स्पा मोफत.' तिन्ही पार्लरच्या. एकीतही डॉक्टरचं नाव नाही. नोंदणी क्रमांक तर लांबच राहिला.

सांगलीत माझं मेडिकल दुकान आहे. २२ वर्षं काउंटरवर उभा आहे. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. पण गावात काय चाललंय ते काउंटरवर लवकर कळतं. मागच्या वर्षात तीन-चार जणी तोंडाला ओढणी बांधून आल्या. "दादा, सूज उतरायची गोळी द्या, दाढ दुखतीय." दाढ नव्हती. एकीनं ओढणी खाली केली तर वरच्या ओठावर आणि नाकाच्या कडेला जांभळट जाळी उमटली होती. मी गोळी दिली नाही. "ताई, रिक्षा करा आणि आत्ताच्या आत्ता मिरजेला जा" म्हणालो. ती गेली म्हणून ओठ वाचला. डाग मात्र राहिला. ज्यांनी सुई टोचली त्यांनी नंतर फोन उचलला नाही.

आता हे प्रकरण नेमकं काय आहे ते साध्या भाषेत.

वय वाढलं की नुसती कातडी सैल होत नाही. गालाखालची चरबी कमी होते, थोडी खाली सरकते, जबड्याचं आणि डोळ्यांभोवतीचं हाडसुद्धा झिजतं. म्हणून गाल बसतात आणि नाकापासून ओठाच्या कडेपर्यंत रेघ पडते. ही पोकळी भरायला जेलसारखा पदार्थ टोचतात, तो फिलर. बोटॉक्स वेगळं. बोटॉक्स स्नायू सैल करतं, फिलर जागा भरतो. आज जास्त वापरला जाणारा फिलर हायल्युरोनिक ॲसिडचा असतो. हा पदार्थ आपल्या शरीरातही असतो, आणि टोचलेला फिलर साधारण सहा महिने ते दीड वर्षात हळूहळू विरतो. शिकलेल्या हातानं, योग्य ठिकाणी, मोजून दिला तर बहुतेकांना थोडी सूज आणि काळंनिळं होण्यापलीकडे त्रास होत नाही. म्हणजे फिलर म्हणजे विष, असं मी म्हणत नाहीये.

धोका आहे तो रक्तवाहिनीचा. चेहऱ्यावर रक्तवाहिन्यांचं जाळं आहे आणि प्रत्येकाचं थोडं वेगळं असतं. सुई चुकून रक्तवाहिनीत गेली तर जेल आत जाऊन बसतं आणि पुढचा रक्तपुरवठा बंद होतो. त्या भागाची कातडी मरू शकते. दोन भुवयांच्या मधल्या, नाकाच्या आणि कपाळाच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिनीशी जोडलेल्या आहेत. सुईच्या दाबानं जेल उलटं सरकून तिथं पोचलं तर दृष्टी जाते, आणि गेलेली दृष्टी बहुतेक वेळा परत येत नाही. हे क्वचित घडतं, कबूल. चांगल्या डॉक्टरच्या हातूनही घडू शकतं. फरक आहे तो पुढच्या काही मिनिटांत काय होतं त्याचा.

हायल्युरोनिक ॲसिडच्या फिलरवर उतारा आहे. त्याचं नाव हायल्युरोनिडेज. ते हे जेल विरघळवतं. आम्हा मेडिकलवाल्यांना हे इंजेक्शन नवीन नाही, डोळ्याच्या ऑपरेशनच्या भुलीत ते वापरतात. पण त्याचीही ॲलर्जी येऊ शकते, आणि ते कुठं, किती, किती वेळा द्यायचं हे शिकलेल्या माणसाचंच काम आहे. म्हणून माझा सगळा मुद्दा एका प्रश्नात मावतो. तुम्हाला सुई टोचणाऱ्या व्यक्तीच्या फ्रिजमध्ये हायल्युरोनिडेज आहे का, आणि ते देता येतं का? उत्तर 'नाही' असेल किंवा 'म्हणजे काय?' असेल, तर पर्स उचला आणि बाहेर पडा. आणि सिलिकॉन किंवा 'कायमचा फिलर' कुणी देऊ केला तर त्याच्यावर हा उतारा चालतच नाही, हे ध्यानात ठेवा.

आता ४,९९९ चं गणित. चांगल्या कंपनीची एक मिलीलीटरची सिरिंजच साधारण १५-२० हजारांच्या घरात जाते. मग पाच हजारांत आत काय भरलेलं असतं? बनावट माल, मुदत संपलेला माल, नाहीतर एकीची उरलेली सिरिंज दुसरीला. चौथी शक्यता मला तरी सुचत नाही. 'सुई नाही, पेननं करतो' असंही सांगतात. त्या पेनबद्दल अमेरिकेच्या एफडीएनं २०२१ मध्येच लोकांना इशारा दिलाय की वापरू नका.

कायदा नाही असं नाही. फिलर आपल्याकडे मेडिकल डिव्हाइसमध्ये मोडतो, त्याला २०१७ चे नियम लागू आहेत. नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय करणं हा महाराष्ट्राच्या १९६१ च्या कायद्यानं गुन्हा आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये सौंदर्यशस्त्रक्रिया आणि केसरोपणाबद्दल स्पष्ट सांगितलं की यूट्यूब बघून आणि वर्कशॉपला बसून हे काम शिकता येत नाही. बोगस डॉक्टर शोधायला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. पण या समित्यांची नजर वाडीवस्तीवरच्या बोर्ड नसलेल्या दवाखान्यावर असते. एसी आणि काचेचा दरवाजा दिसला की तिथं कुणाला बोगस काही वाटत नाही.

ब्रिटनचंही बघा. तिथं २०१३ मध्ये सर ब्रूस किओग यांच्या समितीनं सरकारला बजावलं की फिलर घेणाऱ्याला बॉलपेन विकत घेणाऱ्याइतकंच संरक्षण आहे. तरी इंग्लंडमध्ये १८ वर्षांखालच्या मुलांना सौंदर्यासाठी फिलर देण्यावर बंदी यायला २०२१ चा ऑक्टोबर उजाडला. तिकडं इतका वेळ लागला, म्हणून आपणही बसून राहायचं का?

मला माहीत आहे, खाली कमेंट येणार: "या वयात कशाला पाहिजेत ही थेरं?" त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की या टोमण्यामुळंच नुकसान जास्त होतं. केस काळे केलेले चालतात, दात बसवलेले चालतात, मग गाल भरला तर काय बिघडलं? घरात हसतील या भीतीनं बाई त्वचारोगतज्ज्ञाच्या वेटिंगमध्ये ओळखीच्या चार लोकांसमोर बसत नाही, पार्लरच्या मागच्या खोलीत जाते. रात्री ओठ दुखायला लागला तरी नवऱ्याला सांगत नाही. सकाळपर्यंत थांबते. तेवढ्या वेळात कातडी जाते.

पार्लरवाल्या ताईंवरही माझा राग नाही. आपल्या हिमतीवर घर चालवणाऱ्या बायका आहेत त्या. दोन दिवसांचा कोर्स आणि सोनेरी सर्टिफिकेट त्यांना कुणीतरी पैसे घेऊन विकतं. पकडायचं तर आधी त्याला पकडा, आणि नावापुरता बोर्ड लावू देणाऱ्या डॉक्टरलाही.

ज्यांना फिलर करायचाच आहे त्यांच्यासाठी:

१. त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनकडेच जा. नोंदणी क्रमांक विचारा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर तपासा. विचारल्याचा राग आला तर डॉक्टर बदला.

२. सीलबंद खोकं तुमच्यासमोर फोडायला सांगा. मुदत, बॅच नंबर, आयातदाराचं नाव बघा. खोक्यातलं स्टिकर आणि पक्कं बिल घरी आणा.

३. रक्त पातळ करायची गोळी, ॲलर्जी, गरोदरपण, ओठावर वारंवार येणारे फोड, नुकतंच केलेलं दाताचं काम, सगळं आधी सांगा. कुठलीही गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका.

४. लग्नाच्या आदल्या आठवड्यात करू नका. सूज आणि डाग जायला वेळ लागतो.

५. टोचल्यावर कातडी पांढरी पडली, जांभळी जाळी दिसली किंवा वेदना वाढत गेल्या, तर बर्फ लावत बसू नका, लगेच त्याच डॉक्टरला गाठा. फिलरमध्ये भूल मिसळलेली असते, त्यामुळं दुखणं उशिरा कळू शकतं. नजर धूसर झाली, पापणी पडली, बोलणं अडखळलं तर थेट मोठं हॉस्पिटल. इथं मिनिटं मोजायची असतात.

आणि महापालिकेला व अन्न व औषध प्रशासनाला जाहीर विनंती: लग्नसराई सुरू व्हायच्या आत एकदा या मागच्या खोल्या तपासा. माल कुठून आला, बिल कुठंय, टोचणारा कोण, एवढे तीन प्रश्न विचारले तरी पुरे. शेजारी मिरजेसारखं दवाखान्यांचं गाव असताना आपल्या आयाबहिणींनी स्टेटस बघून चेहरा पणाला लावावा, हे काही बरं नाही.

पटलं तर घरातल्या बायकांच्या ग्रुपवर टाका. आणि पुरुषांनीही वाचा, हल्ली तुम्हीसुद्धा गुपचूप जाता, मला माहीत आहे.